समोर कुणीतरी बसलेलं असावं लागतं

डोंबिवलीच्या एका तरुणाचा प्रश्न आहे : "माझ्याकडे चांगले हेडफोन आहेत. हव्या त्या गायकाचं हवं ते रेकॉर्डिंग मोबाईलवर मिळतं. मग दीड तास प्रवास करून दादरला जायचं, तिकीट काढायचं आणि शेजारच्याच्या खोकल्यात तेच गाणं ऐकायचं, हे कशासाठी? स्टुडिओतलं गाणं जास्त स्वच्छ, जास्त शुद्ध नसतं का?"

स्वच्छ असतं. हे आधीच मान्य करतो, कारण ते स्वच्छ करायचं काम मीच करतो. गेली 28 वर्षं मी मुंबईत ध्वनिसंयोजनाचं काम करतोय. सकाळी स्टुडिओत रेकॉर्डिंग आणि संध्याकाळी एखाद्या नाट्यगृहात मैफलीचा साउंड, असे कितीतरी दिवस गेले आहेत. त्यामुळे दोन्हीकडे गाण्याचं नेमकं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. तुमचा "स्वच्छ" हा शब्द मला मान्य आहे, "शुद्ध" या शब्दापाशी मात्र मी अडतो. आणि "तेच गाणं" हे तर मला अजिबात मान्य नाही.

आधी स्टुडिओत काय होतं ते सांगतो. गायक काचेपलीकडच्या खोलीत एकटा असतो. भिंतींवर आवाज शोषणारं कापड, समोर माइक, कानांवर हेडफोन. तबला बहुतेक वेळा आधीच वाजवून झालेला असतो, कधी कधी तर आदल्या आठवड्यात. गायक चार-पाच टेक देतो. मग मी आणि संगीतकार बसून त्यांतले तुकडे निवडतो. मुखडा तिसऱ्या टेकमधला, अंतऱ्याची पहिली ओळ पाचव्यातली, शेवटची तान दुसऱ्यातली. सांधे दिसू नयेत म्हणून त्यावर हात फिरवायचा, दोन ओळींमधले मोठे श्वास कमी करायचे, एखादा सूर किंचित खाली असेल तर तो वर उचलायचा. सूर दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून 1997 मध्ये आलं. आज त्याचे भाऊबंद प्रत्येक स्टुडिओत आहेत आणि त्यांचा वापर होतो हे लपवण्यासारखं राहिलेलं नाही. गाणं असं तयार होतं आणि चांगलंही होतं. त्यात मेहनत असते, कौशल्य असतं. मला या कामाचा अभिमान आहे.

पण "शुद्ध" म्हणाल तर एक उदाहरण देतो. दरबारी रागातला गंधार, म्हणजे "ग", घ्या. तो कोमल तर असतोच, पण पेटीच्या कोमल गंधारापेक्षाही खालचा असतो आणि एका जागी थांबत नाही. रिषभाच्या बाजूने वर येतो, झुलतो, परत खाली जातो. तो झोका म्हणजेच दरबारी. सूर दुरुस्त करणारं यंत्र सहसा सप्तकाचे बारा समान भाग धरून चालतं. त्याला हा गंधार चुकलेला दिसतो आणि ते तो सरळ करायला जातं. असा सरळ केलेला दरबारी मी एकदा ऐकलाय. आकड्यांत मोजला तर निर्दोष होता, आणि त्यात दरबारी नव्हता. ज्याला काम कळतं तो असं करत नाही, हे खरं. पण शुद्धता आणि स्वच्छता या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरी गोष्ट आवाजाच्या चढ-उताराची. तुम्ही गाणं कुठे ऐकता? बहुधा लोकलमध्ये, इअरफोन लावून, पंख्याच्या आणि रुळांच्या खडखडाटात. तिथेही गायकाचा हळू सूर ऐकू यावा म्हणून आम्ही मिक्सिंग आणि मास्टरिंग करताना हळू आणि जोरकस यांच्यातलं अंतर कमी करतो. हळूचं वर आणतो, जोराचं खाली दाबतो. याला कॉम्प्रेशन म्हणतात. तसं केलं नाही तर तुम्ही सारखा आवाज कमी-जास्त करत बसाल. हा सोयीचा सौदा आहे. पण मैफलीत गायिका तार षड्जावरून, म्हणजे वरच्या "सा"वरून, उतरत उतरत मंद्रात, खालच्या सप्तकात जाते, आवाज इतका बारीक करते की पाचशे माणसं श्वास धरून बसतात, आणि मग एकदम पूर्ण आवाजात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. ते अंतर रेकॉर्डिंगमध्ये तुमच्यापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. ते कमी केलेलं असतं, आणि तुमच्याच सोयीसाठी कमी केलेलं असतं.

पण या झाल्या तांत्रिक गोष्टी. त्या सुधारता येतील, काही सुधारल्याही आहेत. खरं कारण वेगळं आहे, आणि ते मला स्टुडिओतच सापडलं.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक ज्येष्ठ गायिका ख्यालाच्या ध्वनिमुद्रणासाठी आल्या होत्या. राग मारवा. मी त्यांना मैफलीत कितीतरी वेळा ऐकलं होतं. त्यांचा मारवा ऐकताना संध्याकाळची ती हुरहूर अंगावर यायची. त्या दिवशी सगळं जागच्या जागी होतं. तंबोरे उत्तम लागले होते, तबलजी नेहमीचे, आवाज मोकळा. पहिला टेक झाला. सूर चोख, ताल चोख. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहून मान हलवली : नाही. दुसरा टेक, तिसरा टेक. दोन तास गेले. मग त्या बाहेर आल्या, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "तू आत येऊन बस."

मी म्हटलं, "ताई, मला मशीनपाशी थांबायला हवं."

"मशीन पोराकडे दे. तू माझ्यासमोर बस. मी भिंतीला काय सांगू?"

मी सहायकाला मशीनवर काय करायचं ते समजावलं आणि त्यांच्यासमोर चार फुटांवर लाकडी खुर्ची टाकून बसलो. माइकमध्ये माझा श्वाससुद्धा जाऊ नये म्हणून अंग चोरून बसलो होतो. त्यांनी रिषभ लावला. तो कोमल रिषभ षड्जाला चिकटत नाही, टांगल्यासारखा राहतो. तो लागला तेव्हा माझी मान आपोआप हलली. त्यांनी ते पाहिलं, परत तोच रिषभ लावला, या वेळी अधिक वेळ, आणि तिथून धैवतावर गेल्या. पुढची चाळीस मिनिटं सलग गायल्या. तो एकच टेक बाजारात आला. लोक त्याचं कौतुक करतात, आणि मी मनात म्हणतो, हे गाणं एका माणसासाठी गायलेलं आहे.

मला जे सांगायचंय ते हेच. आपलं रागसंगीत आधी पूर्ण बांधून मग सादर केलेलं नसतं. बंदिश बांधलेली असते, राग ठरलेला असतो, ताल ठरलेला असतो, पण आज गंधारावर किती थांबायचं, कोणती जागा परत घ्यायची, कुठून समेवर यायचं हे त्या क्षणी ठरतं. आणि ठरवणारा एकटा गायक नसतो. समोर बसलेल्या माणसाच्या मानेवरून, "वाह"वरून, आणि गप्प राहण्यावरूनही ते ठरतं. गप्प राहण्याचेही प्रकार असतात. कंटाळलेली शांतता आणि गुंतलेली शांतता यांतला फरक मला ध्वनीच्या मिक्सरपाशी बसून डोळे मिटूनही कळतो. कंटाळलेल्या शांततेत खुर्च्या करकरतात, पिशव्या वाजतात. गुंतलेली शांतता असते तेव्हा एसीची घरघर ऐकू येते.

विलंबित एकतालाचं, म्हणजे बारा मात्रांच्या तालाचं, एक आवर्तन (एक फेरा) संथ लयीत पाऊण मिनिटाच्या आसपास चालतं. एवढा वेळ सभागृहातली निम्मी माणसं मनातल्या मनात किंवा बोटांवर मात्रा मोजत असतात. दहावी मात्रा, अकरावी, गायक अजून दूरच आहे, आता कसा पोहोचणार? आणि बाराव्या मात्रेवरून तो मुखडा पकडून नेमका समेवर पडतो, तेव्हा चारशे माना एकदम हलतात. त्या माना गायकाला दिसतात, तबलजीला दिसतात. पुढच्या आवर्तनाला दोघंही जास्त धोका पत्करतात. ही देवाणघेवाण रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते, पण तुम्ही तिच्यात नसता. तुमच्या मान हलवण्याने पुढचं आवर्तन बदलत नाही. समोर बसलेला श्रोता त्या गाण्यातलं एक वाद्यच असतो, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगतो. ते वाद्य बेसूर असेल तर मैफल पडते, हेही मी पाहिलंय.

आता थोडं विषयांतर, पण याच मुद्द्याला धरून. रेकॉर्डिंगमधून पहिली कशाला कात्री लागते, माहीत आहे? वाद्यं लावण्याला. लावालावी म्हणजे वाया गेलेला वेळ असं सगळ्यांना वाटतं. मुंबईत तर ती अटळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीनरूममध्ये दमट हवा असते, त्यात तबल्याची पुडी, म्हणजे त्याचं कातडं, सैल पडते आणि स्वर उतरतो. रंगमंचावर एसी जोरात असतो. तिथे हवा कोरडी असते, पुडी ताणली जाते आणि स्वर चढतो. ग्रीनरूममध्ये सुरेख जुळलेला तबला पडदा उघडल्यावर दहा मिनिटांत पुन्हा हातोडी मागतो. तंबोऱ्याच्या तारांचंही तेच. त्यामुळे मी एसी कार्यक्रमाच्या दोन तास आधीच सुरू करायला सांगतो आणि वाद्यं लवकर रंगमंचावर आणून ठेवायला सांगतो. आयोजकांना वाटतं हा विजेचं बिल वाढवतोय.

एका पावसाळी संध्याकाळी एका गायकांनी पडदा उघडल्यावर तब्बल सात-आठ मिनिटं तंबोरे लावले. जवारीचा, म्हणजे तारेखाली झंकार जुळवणारा, धागा सरकवून पाहिला, पुन्हा सरकवला. सुरुवातीला लोक कुजबुजत होते, कुणी मोबाईल काढला. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कुजबुज थांबली. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या "सा"च्या, तारेतून गंधार आपोआप ऐकू यायला लागला. तंबोरा नीट लागला की तो ऐकू येतो, कुणी छेडलेला नसतानाही. तेव्हा सगळं सभागृह त्या षड्जात येऊन बसलं होतं. गायकाने "सा" लावला तो आधीच शांत झालेल्या कानांवर. दादरच्या रहदारीतून, पावसातून, ऑफिसच्या कटकटीतून आलेली सहाशे माणसं एका पट्टीत आली होती. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पुढे जेव्हा ते प्रसिद्ध करायचं ठरलं तेव्हा पहिली आठ मिनिटं काढायला सांगितली गेली, आणि मी ती काढली. आता ते गाणं "सा"पासून सुरू होतं. ऐकायला चांगलं आहे. पण तो "सा" मला आता नुसता एक चांगला सूर वाटतो.

असंच एकदा एका चुकीच्या बाबतीत झालं. यात माझा हात आहे, म्हणून सांगतो. मध्य लयीतल्या बंदिशीत गायकाची एक लांब तान समेला पोहोचली नाही, एका मात्रेने मागे राहिली. तबलजींनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते पाहिलं आणि सम टाळून एक तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, घेतली. ती तिहाई पुढच्या आवर्तनाच्या समेवर येऊन पडली, आणि गायकाला तिथे मुखडा धरता आला. गायक हसले, तबलजींकडे हात केला, सभागृहात टाळ्या पडल्या. त्यानंतरची पंधरा मिनिटं दोघं असे खेळले की मी हात मिक्सरवरून काढून नुसता ऐकत बसलो. आयोजकांनी नंतर रेकॉर्डिंगमधून ती "चूक" काढायला सांगितली. मी दोन आवर्तनं अशी बेमालूम काढली की कुणाला सांगूनही कळणार नाही. पण त्यानंतरच्या पंधरा मिनिटांचा अर्थ गेला. ते दोघं एवढ्या आनंदात कशासाठी आहेत ते ऐकणाऱ्याला कळतच नाही. ते काम आज माझ्याकडे आलं तर मी नाही म्हणेन.

रेकॉर्डिंगला मी कमी लेखतोय असं मात्र वाटू देऊ नका. रेकॉर्डिंग नसतं तर मला निम्मे गायक माहीत नसते. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा मोठा टप्पा 1902 मध्ये आला. गाइसबर्ग नावाचे तंत्रज्ञ कलकत्त्याला आले आणि त्यांनी गायिका गौहरजान यांचा आवाज मुद्रित केला. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी गायिकेने स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायचं, अशी पद्धत होती. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या (78 आरपीएम) तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभर आळवायचा राग त्यात बसवायचा म्हणजे आलाप, बंदिश, ताना, सगळ्याचा अर्क काढायचा. ते ज्यांना साधलं त्यांचं मोठेपण वेगळंच. केसरबाई केरकरांची भैरवी, "जात कहाँ हो", साडेतीन मिनिटांची आहे. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात पाठवली, तिच्यावर ती आहे. त्या साडेतीन मिनिटांत जे आहे ते कमी आहे असं कोण म्हणेल?

पण त्या मिनिटांनी आपल्या कानांना एक सवयही लावली. नंतर एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडी, आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. मग 60 आणि 90 मिनिटांच्या कॅसेट, मग सीडी. गाण्याची लांबी दर वेळी त्या वस्तूने ठरवली आणि आपण तीच गाण्याची नैसर्गिक लांबी समजायला लागलो. आज तर पहिल्या तीस सेकंदांत काही झालं नाही की बोट पुढे सरकतं. मैफलीत बोट सरकवायची सोय नसते. गायक पंधरा मिनिटं मंद्र सप्तकातच राहिला तर तुम्हालाही तिथे राहावं लागतं. पहिली पाच मिनिटं जड जातात, पुढच्या दहा मिनिटांत त्या चार सुरांमधल्या वाटा दिसायला लागतात. मला स्वतःला विलंबित ऐकायला असंच आलं. मिक्सर सोडून उठता येत नव्हतं म्हणून.

आणि काही गोष्टी कधीच मुद्रित झाल्या नाहीत. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी "संयुक्त मानापमान" या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोन मोठे गायक-नट एका रंगमंचावर आले. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. तेव्हा ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर गाऊन व्हायचं. मायक्रोफोनवरचं विद्युत ध्वनिमुद्रण 1925 च्या सुमाराला आलं. त्यामुळे नाट्यगृहातला प्रयोग जसाच्या तसा टिपणं तेव्हा शक्यच नव्हतं. तरी शंभर वर्षांनंतरही मराठी घरांत त्या रात्रीची गोष्ट सांगितली जाते. जे तिथे होते त्यांनी सांगितली, त्यांच्या मुलांनी सांगितली. माझ्या आजोबांनी मला सांगितली, आणि तेही तिथे नव्हते.

मुंबईपुरती एक अडचण आहे, तीही सांगायला हवी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले ठरावीक दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. बंद सभागृहाला हा नियम तसा लागू नाही, पण तिथे सभागृहाची वेळ असते, आणि श्रोत्यांना शेवटची लोकल असते. परिणाम असा की मालकंस, दरबारी, अडाणा हे राग त्यांच्या वेळेला, म्हणजे रात्री उशिरा, ऐकलेला श्रोता मुंबईत दुर्मिळ होत चाललाय. साडेनऊला घाईघाईने भैरवी घेतली जाते. गिरगावात लक्ष्मीबागेतल्या रात्रभर चालणाऱ्या बैठकांच्या आठवणी जुन्या माणसांकडून ऐकल्या की मला हेवा वाटतो. नियम योग्य आहे, आजारी माणसांना झोप लागलीच पाहिजे. पण त्यात आपण काहीतरी गमावलं हेही खरं. दिवाळी पहाटेमुळे सकाळचे राग तरी वाचले. पहाटे साडेपाचला अंधारात भैरवचा रिषभ लागतो आणि दोन तासांनी बाहेर पडताना ऊन असतं, हे अनुभवायचं असेल तर एखादी दिवाळी पहाट चुकवू नका. त्यातही नुसती लोकप्रिय गाणी असलेला कार्यक्रम न घेता रागसंगीताचा निवडा.

आता आवाजाबद्दल. तुमचे हेडफोन कितीही चांगले असले तरी ते कानांशी बोलतात. डग्ग्यावर तळहात घासून घेतलेली घुमक छातीवर यायला हवा हलावी लागते, आणि ती सभागृहातच हलते. शिवाय माणसंच आवाज बदलतात. दुपारी रिकाम्या सभागृहात मी बॅलन्स करतो, म्हणजे सगळ्यांचे आवाज जुळवतो, तेव्हा आवाज भिंतींवरून परत येत असतो, टोकदार असतो. संध्याकाळी आठशे माणसं बसली की त्यांच्या अंगांनी, कपड्यांनी वरचे स्वर शोषले जातात आणि तोच आवाज मऊ होतो. त्यामुळे दुपारचा बॅलन्स मी कधीच अंतिम धरत नाही. पहिल्या दहा मिनिटांत पुन्हा सगळं जुळवतो. तुम्ही येऊन बसलात की आवाज बदलतो, हे मी शब्दशः म्हणतोय.

एक प्रामाणिक गोष्टही सांगतो. मुंबईतल्या बहुतेक नाट्यगृहांत तुम्ही गायकाचा गळा थेट ऐकत नाही, माझे स्पीकर ऐकता. आणि साउंड वाईट असेल तर घरचं रेकॉर्डिंग बरं, असं म्हणायची वेळ येते. तबला इतका वर ठेवलेला असतो की गायकाला ओरडावं लागतं. मॉनिटरचा, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज जास्त झाल्याने शिट्ट्या येतात. अशा कार्यक्रमातून उठून गेलात तर मी तुम्हाला दोष देणार नाही, आमच्या धंद्याला देईन. माइकशिवायचं गाणं ऐकायचं असेल तर नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलासंस्थेचं टाटा थिएटर आहे. 1980 मध्ये उघडलेलं, फिलिप जॉन्सन यांनी आखलेलं, ध्वनीची रचना सिरिल हॅरिस यांची. हजारएक माणसं बसतात आणि तरी माइकशिवाय ऐकू यावं असाच ते बांधण्यामागचा विचार होता. तिथे एकदा साथीचा तंबोरा माइकशिवाय मागच्या रांगेतून ऐकला होता. तेव्हा मी माझं सगळं सामान घेऊन घरी जावं असं वाटलं.

आणखी एक इशारा. "लाइव्ह" असं पोस्टरवर लिहिलेलं सगळं जिवंत नसतं. जुन्या चित्रपटगीतांच्या कितीतरी कार्यक्रमांत व्हायोलिन्स, बासरी, कोरस लॅपटॉपवरून वाजत असतात आणि वादकांच्या कानात ठोक्यांचा ट्रॅक असतो. गायकाला एखाद्या शब्दावर क्षणभर रेंगाळावंसं वाटलं तर रेंगाळता येत नाही, कारण लॅपटॉप थांबत नाही. प्रेक्षकांनी "वन्स मोअर" दिला तर फाईल पहिल्यापासून लावावी लागते. मी असे कार्यक्रम करतो, त्यात पोट आहे, पण वर जे सांगितलं ते त्यांना लागू नाही. गंमत अशी की ती मूळ गाणी मात्र जिवंत होती. ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत साठ-सत्तर वादक आणि गायक एकाच वेळी बसून ध्वनिमुद्रण करायचे. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. जुन्या गाण्यांत तुम्हाला जो श्वास जाणवतो तो तिथला आहे. एका खोलीत, एका वेळी, एकमेकांकडे बघत केलेलं गाणं तबकडीवरही जिवंत राहतं. तेव्हा प्रश्न स्टुडिओ की सभागृह असा नाहीच. गाताना समोर कुणी होतं का, एवढाच आहे.

तर जायचं कसं ते सांगतो. पहिल्यांदा मोठ्या महोत्सवाला जाऊ नका. षण्मुखानंदसारख्या मोठ्या सभागृहाच्या वरच्या बाल्कनीतून पहिली मैफल ऐकलीत तर तुमचाच मुद्दा तुम्हाला खरा वाटेल. दादर, माटुंगा, पार्ले, मुलुंड, ठाणे, आणि तुमच्या डोंबिवलीतही, छोट्या संगीत संस्था आहेत. शंभर-दीडशे माणसांच्या बैठका होतात, कितीतरी ठिकाणी प्रवेश मोफत असतो. सतरंजीवर पुढे जागा मिळाली तर तिथे बसा, गायकाचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ. नाट्यगृहातच जायचं तर पाचव्या ते दहाव्या रांगेत मधली खुर्ची घ्या. बाल्कनीच्या छताखालच्या रांगा टाळा, तिथे आवाज कोंडतो. स्पीकरच्या अगदी समोरची कडेची खुर्चीही टाळा. त्या गायकाची तीच बंदिश रेकॉर्डिंगवर असेल तर आदल्या आठवड्यात दोनदा ऐका आणि मग मैफलीला जा. कुठे थांबला, काय टाळलं, काय नवं सुचलं ते लगेच कळेल. पडदा उघडायच्या आधी पोहोचा, म्हणजे तंबोरे लागताना ऐकता येतील. मोबाईल बंद करा. रेकॉर्डिंगसाठी हात वर धरलेल्या माणसाची मान हलत नाही, आणि गायक मानाच बघत असतो. आवडलं तर वाह म्हणा, संकोच करू नका. चुकीच्या जागी म्हटलात तरी कुणी हसणार नाही. सुरुवातीला आम्ही सगळ्यांनीच तसं म्हटलंय.

शाल किंवा पातळ स्वेटर बरोबर ठेवा, एसी मी दोन तास आधीपासून लावलेला असतो. माझा मिक्सर बहुतेक नाट्यगृहांत मागच्या बाजूला, मधल्या रांगेशेजारी असतो. मध्यंतरात या. त्या संध्याकाळी सभागृह कसं होतं, कुठल्या आवर्तनाला शांतता बदलली, ते दोघं मिळून बोलू.